शेपूट

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मला यातून काही मिळवायचं नाही. पण हे माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

तेही रात्री नाही. रविवारी, सकाळी.

माझा मोठा भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र तो फक्त सायकलचा. त्यांचा मोठा ग्रुप होता. ग्रुपमध्ये दादाचं नाव होतं 'शेपूट'. कारण तो मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहायचा. कोणाची चेन निघाली, कोणाचे पाय गळाले, तर दादा थांबायचा.

"शेपूट आलं? म्हणजे सगळे आले," असं म्हणून कॅप्टनबाई हजेरी संपवायच्या.

साथ आली, आणि दादा गेला.

चालत जाऊन अँब्युलन्समध्ये बसला होता. दारातून हात हलवला. नंतर आम्हाला त्याचा चेहराही दिसला नाही. त्याचा शेवटचा फोन वहिनीला आला होता. त्यात शब्द नव्हते. नुसती धाप...

वहिनी रडली नाही. भांडी घासायची, कपडे वाळत घालायची, आणि मध्येच थांबून मला विचारायची, "भाऊजी, शेवटी त्यांना फार दम लागला असेल का हो?"

मी तिच्या हातातला ओला कपडा घेऊन वाळत घालायचो.

दरवर्षी ग्रुपची मोठी राइड निघायची. त्या वर्षी रस्ते बंद. मग ठरलं, प्रत्येकाने आपापल्या घरी, स्टँडवर सायकल लावून चालवायची. सगळे व्हिडिओ कॉलवर. जमेल ती मदत हॉस्पिटलच्या ऑक्सिजनसाठी.

कॅप्टनबाईंचा मला फोन आला. "शेपटाची जागा रिकामी नको रे."

मी वहिनीकडे बघितलं.

"ह्यांचीच सायकल घ्या," ती म्हणाली.

बाहेरच्या खोलीत सायकल लावली. मागचं चाक स्टँडच्या रोलरवर. समोर स्टुलावर लॅपटॉप. पडद्यावर चौकटीच चौकटी... कोणी गॅलरीत, कोणी पलंग सरकवून केलेल्या जागेत.

एका चौकटीत आजोबा होते. रिटायर्ड पोस्टमन. ग्रुपमध्ये सगळ्यात म्हातारे, आणि सगळ्यात हळू. दादा कायम त्यांच्याबरोबरच मागे असायचा.

राइड सुरू झाली. थट्टामस्करी चालली होती. "अरे, तुझ्या मागे तुझी बायको केर काढतेय, निदान पाय तरी वर घे!" मीही हसलो. कितीतरी दिवसांनी.

हळूहळू एकेकाचं ठरलेलं अंतर पूर्ण होत गेलं. माझंही झालं. घामाघूम होऊन मी उतरलो आणि सायकलपुढे खुर्ची ओढून बसलो.

आता फक्त आजोबा उरले होते. सगळे त्यांची वाट बघत होते.

आणि आजोबा बोलायला लागले...

"हो रे, येतोय. तू हो पुढे... नाही? बरं बाबा, थांब."

कॅप्टनबाई हसल्या. "आजोबा, कोणाशी गप्पा चालल्यात?"

"शेपटाशी! दुसरं कोण थांबणार माझ्यासाठी?"

सगळ्या चौकटी थिजल्या.

मला वाटलं, आजोबांना भ्रम झालाय.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून आवाज आला.

कर्र... कर्र...

चेनचा.

मी मान वळवली.

दादाच्या सायकलचं मागचं चाक फिरत होतं. सावकाश. सायकलवाल्यांना कळेल... चाक आपोआप फिरत राहिलं, तर पेडल फिरत नाही. ते जागच्या जागी राहतं.

पेडल फिरत होतं.

एक खाली, एक वर... एक खाली, एक वर... पडद्यावर आजोबांचे पाय जसे चालले होते, अगदी तसंच.

मला उठता येईना.

स्वयंपाकघरातून वहिनी आली. तिचे हात ओले होते. तिने सायकलकडे बघितलं. घाबरली नाही. लॅपटॉपसमोर जमिनीवर बसली.

"आजोबा..."

"कोण, सूनबाई? बोल."

"ह्यांना... ह्यांना दम लागतोय का हो?"

आजोबांनी पेडल मारता मारता शेजारी बघितलं. जिथे आम्हाला नुसती भिंत दिसत होती.

"दम? छे! शीळ घालतोय की गडी. दमलोय तो मीच."

वहिनीने ओला हात तोंडावर दाबला. आणि मग ती रडली. गेल्या इतक्या दिवसांचं, एकदम.

"आलो रे, आलो!" आजोबा ओरडले. त्यांचं अंतर पूर्ण झालं.

मागे पेडल थांबलं.

कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. कॅप्टनबाई डोळे पुसत होत्या.

संध्याकाळी मी आजोबांच्या मुलाला फोन केला. म्हटलं, आजोबांनी दादाचं फारच मनाला लावून घेतलेलं दिसतंय.

तो हळूच म्हणाला, "बाबांचं हृदय नाजूक आहे. तुमचा दादा गेल्याचं आम्ही त्यांना अजून सांगितलेलंच नाही."

आता सगळं उघडलंय. लोक पुन्हा रस्त्यावर सायकली काढतात. मी वहिनीला बरेचदा म्हटलं, दादाची सायकल स्टँडवरून काढू या, तेल देऊन गुंडाळून ठेवू.

"असू दे," ती म्हणते. "कोणीतरी मागे राहिलं असेल."

रविवारी सकाळी ती चहाचा कप घेऊन सायकलशेजारी बसते. खोलीचं दार लोटून घेते.

मी त्या वेळी घरात थांबत नाही. काहीतरी आणायचं निमित्त काढून बाहेर पडतो. जिन्यावर आलो की पावलं आपोआप जड होतात, कान मागे लागतात.

मग मी भराभर उतरतो... ऐकू यायच्या आत.