आजोबांचा वाजणारा पट्टा

माझ्या आजोबांना एका परक्या मुलानं भर रस्त्यात कमरेच्या पट्ट्याला धरून उभं ठेवलं, आणि मला त्या मुलाचा भयंकर राग आला.

ते चौऱ्याण्णव साल. साताऱ्यात माजी सैनिकांच्या कॅन्टीनसमोर आम्ही होतो. भाद्रपदातली भुरभुर चालू होती, पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. आजोबा म्हणजे रिटायर्ड हवालदार धोंडिराम, महार रेजिमेंट. काठी घेतली तर पलटणीची बेअब्रू होईल असं त्यांचं ठाम मत. मी सामानाची पिशवी सावरतेय तोवर ते पुढं कलंडले... आणि मागून एक हात आला.

“सोड,” आजोबा गुरगुरले. “मी काय पडत न्हवतो.”

“व्हय आजोबा, दिसलं की,” तो म्हणाला. पण ते नीट उभे राहीपर्यंत त्यानं पट्टा सोडला नाही. मग माझ्याकडं बघून हसला. भिजलेल्या केसांतून पाणी नाकावर येत होतं, ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. राग आला होता म्हणाले ना मी? तो जेमतेम तेवढाच वेळ टिकला.

त्याचं नाव प्रबुद्ध. गाव आष्टा. सांगलीत इंजिनिअरिंग नुकतंच संपलं होतं, नोकरी शोधत तो साताऱ्यात आला होता, आणि कॉलेजात सुरू केलेला एक पट्टा काही डोक्यातून जात नव्हता. तो वापरून बघायला कुणी म्हातारं माणूस मिळतंय का, म्हणून तो कॅन्टीनच्या दारात उभा होता.

“काचेची बारकी नळी, तिच्यात पारा,” तो मला समजावू लागला. “माणूस फार कलला की पारा सरकतो, तारा जुळतात आणि पट्टा वाजतो.”

“पडल्यावर वाजून काय उपयोग?”

“पडायच्या आधी वाजतो. म्हणून तर...” तो घुटमळला. “तुमचे आजोबा द्याल का मला? म्हणजे — प्रयोगाला?”

“आमच्याकडं आजोबा भाड्यानं मिळत नाहीत,” मी म्हटलं, आणि घरचा पत्ता सांगितला.

पत्ता द्यायला माझं स्वतःचंही कारण होतं. मला सांगलीला नर्सिंगला ॲडमिशन मिळाली होती, दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं. पण घरात आम्ही दोघंच. आई-बाबा मी लहान असतानाच गेले, मला वाढवलं ते आजोबांनी. पाटणचे नाथाजीकाका आले की एकच ऐकवायचे, “दीपमाला, म्हातारा सारखा पडतोय आन् तू कशी जातीस?” तो पट्टा चालला तर मी जाणार होते, नाहीतर नाही.

प्रबुद्ध दर रविवारी सांगलीहून एसटीनं यायचा. पट्टा जाड खाकी कॅनव्हासचा होता, त्यामुळं आजोबांनी तो बिनतक्रार बांधला. पट्टा तपासून व्हायचा, चहा व्हायचा, तरी याचा पाय निघायचा नाही.

“अजून काही तपासायचं राहिलंय का?” मी विचारायचे.

“राहिलंय... पण ते आज नको,” तो म्हणायचा, आणि कानापर्यंत लाल व्हायचा.

आणि एका सकाळी नळापाशी पट्टा वाजला, तरी आजोबा पडले. मनगट सुजलं. पाटणहून काका धावत आले, म्हणाले, “बास झालं. सांगलीचं नाव काढू नगंस.” रविवारी प्रबुद्ध दारात दिसल्याबरोबर मी सगळं त्याच्यावर काढलं. त्यानं खाली मान घालून पट्टा उघडला, नळी बघितली, तारा बघितल्या. पट्ट्यात काही बिघाड नव्हता. त्यानं तो हातात घेऊन तिरका केला. पट्टा वाजला.

आजोबा खाटेच्या कडेवर बसले होते. त्यांच्या टाचा खटकन् जुळल्या.

“पुन्हा वाजवा,” मी म्हटलं.

तो वाजला. टाचा जुळल्या.

“आजोबा, हे वाजलं की तुम्ही काय करता?”

“काय म्हंजे? सावधान,” आजोबा म्हणाले. “इशारा झाल्यावर जवान दुसरं काय करंल?”

आम्ही दोघं एकमेकांकडं बघतच राहिलो. कललेला माणूस उभ्या उभ्या पाय जुळवून घेतोय, मग पडणार नाही तर काय!

“आजपासून वाजलं की विश्राम,” मी म्हटलं. “पाय फाकवून उभं राहायचं.”

“कुणाचा हुकूम?”

“माझा.”

“तुझा रँक काय गं?”

“आवं आजोबा,” प्रबुद्ध हळूच म्हणाला, “या घरात तिच्यावर कुणी हाय का?”

मग अंगणात कवायत सुरू झाली. मधे आजोबा, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. पट्टा वाजला की तिघांनी पाय फाकवायचे. शेजारीपाजारी हसायचे. आजोबांच्या पाठीमागून आमची नजरानजर व्हायची आणि माझं पाऊल हमखास चुकायचं. सांगलीला जायची माझी घाई तेव्हापासून वाढली, हे मी कुणाला सांगितलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर काका आले, तेव्हा गल्लीतल्या बुद्धविहाराच्या ओल्या फरशीवर त्यांच्या डोळ्यांदेखत आजोबांचा पाय सरकला. पट्टा वाजला, डावा पाय बाजूला गेला, आणि आजोबा ताठ उभे राहिले.

“जा बाई सांगलीला,” काका म्हणाले. “मी हाय, शेजारी हायती.”

पुढच्या रविवारी, दिवाळी संपल्यावर, प्रबुद्ध कंदी पेढे घेऊन आला.

“मला काही सांगायचंय,” आम्ही दोघं एकदमच बोललो.

“आधी तुम्ही,” मी म्हटलं.

“नोकरी लागली. इथंच, साताऱ्याच्या एमआयडीसीत. पुण्याहूनही बोलावणं होतं, पण...” तो पायरीवर टेकला. “मला वाटलं, काकांनी नको म्हटल्यावर तुम्ही आजोबांना सोडून कुठं जाणार नाही. मग मीच यावं.”

मला हसू आलं आणि रडूही आलं. “मी परवा सांगलीला चाललेय.”

त्याचा चेहरा पडला. आता बोलले नाही तर जन्मभर पस्तावेन, एवढं मला कळलं.

“प्रबुद्ध, मला तुम्ही आवडता. फार आवडता. मी सुट्टी मिळेल तेव्हा येईन. आजोबांना भेटायला येते असं सगळ्यांना सांगेन... तुम्ही तेवढं खरं मानू नका.”

त्यानं पेढ्यांचा पुडा माझ्या हातात ठेवला. मग म्हणाला, “आणि मी रोज संध्याकाळी आजोबांकडं येत जाईन. तुझ्याविषयी बोलायला मला कुणीतरी लागेलच की.”

आत आजोबांनी रेडिओचा आवाज मुद्दाम मोठा केला. मी पायरीवर त्याच्या शेजारी जाऊन बसले.