पत्रिका उघडू नका

त्याच्या फोनमधून आधी एक पक्षी बोलला आणि लगेच मागून एक बाई किंचाळली, "अभिनंदन! तुम्ही कार जिंकलात!"

मी सोल्डरिंग गन बाजूला ठेवून वर बघितलं. काउंटरपलीकडे एक उंच मुलगा उभा होता. गळ्यात दुर्बीण, बुटांना खाडीचा चिखल, चेहरा अपराधी. भांडुप स्टेशन रोडवरच्या आमच्या मोबाईलच्या दुकानात असं गिऱ्हाईक रोज येत नाही.

"रिपेअरिंग... कोण करतं?" त्याने माझ्या मागे बघत विचारलं.

"मीच करते. मागे फक्त भिंत आहे."

तो ओशाळला. "दर दोन मिनिटांनी ही बाई येते हो. काल वर्गात आली. पोरं अजून विचारतायत, सर, कार कुठाय?"

मी फोन हातात घेतला. पक्ष्यांचे आवाज ओळखायचं ॲप होतं. "हे कुठून घेतलं?"

"एका ग्रुपवर लिंक आली होती. प्ले स्टोअरवर विकत होतं, इकडे फुकट..."

"आणि टाकताना फोनने विचारलं असेल, बाहेरून आलंय, परवानगी देऊ का?"

"विचारलं."

"मग तुम्ही?"

"...दिली."

"उद्या कुणी अनोळखी माणूस दारात आला आणि म्हणाला, पक्ष्याचा आवाज काढून दाखवतो, आत घ्या. घ्याल?"

त्याने अगदी प्रामाणिकपणे विचार केला. "कुठला पक्षी, त्यावर आहे."

मला हसू आवरलं नाही. तेवढ्यात ती बाई पुन्हा किंचाळली आणि मग आम्ही दोघंही हसलो.

नाव देवव्रत. मुलुंडच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. त्या ॲपला त्याचे मेसेज, फोनबुक, सगळं हवं होतं. "पक्षी ओळखायला याला तुमचे मेसेज कशाला हो?" असं विचारत मी ते काढून टाकलं. पावतीसाठी नाव-पत्ता लिहिताना तो हळूच म्हणाला, "वडिलांसाठी घेतलं होतं. अण्णांची नजर गेली तीन वर्षांपूर्वी. लहानपणी त्यांनी मला पक्षी दाखवले... आता मी त्यांना आवाज आणून देतो."

त्यानंतर मी त्याला ओरडले नाही. म्हणजे, त्या दिवशी तरी.

तो मात्र येत राहिला. कधी स्क्रीन गार्ड, कधी चार्जर. त्याच फोनला तिसरं कव्हर घेऊन तो गेला तेव्हा बाबा चष्म्यावरून बघत म्हणाले, "गो बाय, ह्या मास्तराचा काम फोनाचा नाय."

"बाबा!"

"माका काय, माझी विक्री होता."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो मला भांडुप पंपिंग स्टेशनकडे घेऊन गेला. खाडीत फ्लेमिंगो उतरले होते. दुर्बिणीतून मला नुसतं पाणीच दिसत होतं.

"डावीकडे... अजून थोडं... नाही, एवढं नाही..." त्याचा हात माझ्या कोपराजवळ आला आणि बोटभर अंतरावर थांबला.

"हात धरून दाखवा ना," मी दुर्बीण न काढता म्हणाले.

त्याने धरला. मग सगळं गुलाबी दिसलं... पक्षी थोडे उशिराच दिसले.

पण बोललं कुणीच नाही. तो 'तुम्ही' म्हणायचा, मीही 'तुम्ही' म्हणायचे.

मग तो रविवार. दुपारी मी दुकानाचं शटर ओढत होते आणि त्याच्या नंबरवरून मेसेज आला — 'आमच्या शुभविवाहास सहकुटुंब उपस्थित राहावे.' खाली फाईल. लग्नपत्रिका डॉट एपीके.

मला माहीत होतं. पत्रिका म्हणजे फोटो असतो नाहीतर पीडीएफ. एपीके म्हणजे ॲप. असल्या 'पत्रिका' उघडून वाट लागलेले चार फोन मी त्याच महिन्यात साफ केले होते. सगळं, सगळं माहीत होतं... तरी माझा अंगठा त्या फाईलवर जाऊन थांबला. मुलगी कोण असेल? फक्त नाव बघू...

मी अंगठा उचलला. आणि मग खरी भीती वाटली. त्याच्या नंबरवरून आलंय म्हणजे त्याने ते उघडलंय! तीनदा फोन लावला, लागेना. पावतीबुकातून पत्ता काढला आणि रिक्षा पकडली.

दार एका वयस्कर गृहस्थांनी उघडलं. नजर माझ्या खांद्यापलीकडे. "कोण?"

"मी गंधाली. भांडुपहून... मोबाईलचं दुकान..."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "स्क्रीन गार्डवाली! ये, ये. आमच्या घरात चार स्क्रीन गार्ड आहेत बघ, फोन मात्र एकच!"

आत देवव्रत फोनवर काहीतरी टाइप करत होता.

"देवव्रत, फोन खाली ठेव! ओटीपी आला असेल तर टाकू नकोस!"

तो दचकला. मग माझ्याकडे बघतच राहिला. मी पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं.

मी फोन फ्लाईट मोडवर टाकला, सिम काढलं. माझ्या फोनवरून त्याला बँकेला फोन करायला लावलं, मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार. खात्याला अजून हात लागला नव्हता. तेव्हा कुठे मी खाली बसले.

"कुणाच्या नंबरवरून आली होती?"

"नाशिकच्या आत्याच्या. आतेबहिणीचं लग्न ठरतंय, वाटलं त्याचीच पत्रिका..."

"फोनने परवानगी विचारली ना?"

"विचारली. पण आत्या काय अनोळखी आहे?"

"नंबर ओळखीचा असतो रे. फाईल नसते. तिचाही फोन असाच गेला असणार. आता हा पूर्ण पुसावा लागेल."

त्याचा चेहरा उतरला. "पुसायचा? त्यात दोन वर्षांचे पक्ष्यांचे आवाज आहेत... अण्णांसाठीचे."

"जाऊ दे रे," अण्णा म्हणाले. "पक्षी आहेत अजून." पण त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळला होता.

"एकही जाणार नाही," मी म्हणाले. "केबल दे. फक्त आवाजाच्या फाईली लॅपटॉपवर घेऊ, बाकी कशालाही हात नाही लावायचा."

दोन तास लागले. फाईल नीट आली का ते वाजवून बघायचं, आणि अण्णा डोळे मिटून नाव सांगायचे. "हा तांबट... हा खंड्या... ही टिटवी, चिडलीय." शेवटचा आवाज आला तेव्हा त्यांनी माझ्या दिशेने मान लववली. मग मी फोन पुसला.

देवव्रतने चहा आणला. कप ठेवताना विचारलं, "तुला मेसेज आला तेव्हा... लगेच कळलं ना, खोटी आहे ते?"

"लगेच."

"अगदी लगेच?"

मी कपात बघितलं. "मिनिटभर अंगठा फाईलवर होता."

"तुझा? का?"

"नाव बघायचं होतं. मुलीचं."

त्याचे कान लाल झाले. तो काहीतरी बोलणार — आणि अण्णांचा बटणांचा फोन खणाणला. डोंबिवलीला बहिणीकडे गेलेल्या त्याच्या आईचा. स्पीकरवरून आवाज घरभर झाला.

"देवव्रत! लग्न ठरवलंस आणि आईला पत्रिका पाठवतोस?"

"आई, उघडलीस का ती?"

"मला कुठे येतं उघडायला!"

"उघडूच नकोस, पुसून टाक. पत्रिका खोटी आहे."

पलीकडून उतरलेला आवाज. "म्हणजे मुलगीही नाही?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी नजर हटवली नाही.

"मुलगी आहे, आई. तिला विचारायचं राहिलंय. थांब जरा."

फोन तसाच टेबलावर ठेवून तो माझ्यासमोर बसला. "गंधाली... तुझं नाव असलेली पत्रिका छापू या? कागदावर. आत्ताच नाही, तू म्हणशील तेव्हा..."

मी मान हलवली. एकदा, मग अजून एकदा.

"अहो, काय झालं?" फोनमधून त्याची आई.

"मला काय विचारतेस?" अण्णा खुर्चीतून पुढे झुकले. "अगं मुली, मान हलवली असशील तर ती आम्हा दोघांनाही दिसत नाही. तोंडाने बोल!"

"हो!" मी जोरात म्हणाले. थेट डोंबिवलीपर्यंत.