पेले वाजायचे तेव्हा

टिंग...

दुपारच्या शांततेत चहाचा रिकामा पेला पेल्यावर वाजला.

तबकाजवळ कुणीच नव्हतं.

हे घडलेलं आहे. मोरोक्कोतल्या अॅटलसच्या डोंगरात, आमच्या भिंतीला लागून असलेल्या इत्तोच्या घरी, सफरचंदं उतरवायच्या दिवसांत. भिंतीपलीकडे आम्हीही तो आवाज ऐकला.

इत्तोनं तो लगेच ओळखला.

पोटुशी असताना ती आडवी पडून पोटावर दोन पेले ठेवायची. बाळानं लाथ मारली की... टिंग. चार वर्षांची तौदा खिदळायची, "आई, बाळ चहा मागतंय!"

सोनोग्राफी झाली तीच मुळी उशिरा. दवाखान्यातल्या बाईंनी पडद्यावर डोकं मोजलं, मांडीचं हाड मोजलं.

"मापानं सात महिने दिसतात."

"नववा लागलाय, बाई."

"असेलही. इतक्या उशिरा मापावरून वय पक्कं सांगता येत नाही. दिवस भरत आले असतील आणि बाळच वाळलेलं असेल. पंधरा दिवसांनी या. वाढतंय का ते बघू."

सोबत आलेल्या नणंदेनं तेवढं 'सात'च ऐकलं. इत्तोच्या नवऱ्याला, मोहाला तर अगादीर बंदरात मासेमारीच्या बोटीवर जाऊन आठ महिने झाले होते.

"दादा पोहत आला होता वाटतं मधे!" घरी येताच ती म्हणाली.

"जीभ आवर!" सासू खेकसली. "बाप दूर गेला म्हणून मूल रुसून झोपलं पोटात. आमच्यात झोपतात मुलं. उठलं की वाढेल."

इत्तोची अब्रू वाचली.

बाळ वाळलेलं असेल, हे बाईंचं बोलणं तिनं घरात सांगितलंच नाही. पुन्हा माप, पुन्हा तीच जीभ... पंधरा दिवसांनी ती गेलीच नाही.

पेले कमी वाजू लागले.

"झोपलंय गं," सासू मायेनं म्हणायची. "उठवू नकोस."

आणि एका सकाळी...

पेले वाजलेच नाहीत.

मुलगा मेलेलाच निघाला, मूठभर. पण नखं बोटांच्या पुढे आलेली. दिवस पुरे भरलेल्या बाळाची असतात तशी.

टिंग...

त्या दुपारी सासू, नणंद, दोघी सफरचंदांच्या बागेत होत्या. इत्तोनं पेले उचलले, मधे फडकं घातलं, कपाटात ठेवून दार लावलं.

टिंग... कपाटातून.

आणि तिच्या रिकाम्या पोटात, आतून... एक हलकी लाथ.

तौदा डोळे चोळत उठून आली. तिनं आईच्या पोटाला कान लावला. बराच वेळ ऐकत राहिली.

या वेळी ती हसली नाही.

"आई, बाळ विचारतंय..."

"काय गं?"

"मी जागाच होतो. तू का नाही सांगितलंस?"