धूर न दिलेलं घर

“मावशी, तिला सांग… आजच्या आज घर सोडायचं!”

व्हर्नननं हे व्हरांड्याच्या खांबाकडे बघत म्हटलं. त्याची धाकटी बहीण नोएलीन सहा पावलांवर त्याच्याकडे पाठ करून उभी होती, आणि दोघांच्या मध्ये पत्र्याच्या खुर्चीत डल्सीमावशी बसली होती. मोठ्या झालेल्या भावा-बहिणीनं एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही, एकमेकांच्या निजायच्या जागेकडे फिरकायचं नाही, ही आम्हा इथल्या आदिवासींची जुनी रीत. तीस वर्षं त्या दोघांची माया काय नि भांडण काय, सगळं असंच तिसऱ्याच्या कानांतून गेलेलं. आज मात्र शब्द असे तापलेले होते की मधल्या मध्ये म्हातारीचेच कान भाजत होते.

आईला मातीत ठेवून तासही झाला नव्हता. तिचं नाव या गोष्टीत येणार नाही. गेलेल्या माणसाला नावानं हाक मारली की त्याची वाट अडते.

“तिला सांग, गेलेल्या माणसाचं घर रिकामं ठेवायचं. पावसाळा जाऊ द्यायचा. मग मोठ्या मुलानं ओल्या पाल्याचा धूर देऊन आत्म्याला निरोप द्यायचा, तेव्हा आत पाऊल टाकायचं. हे मी शिकवायला हवं का तिला?”

“मावशी, त्याला सांग,” नोएलीन ठामपणे म्हणाली, “घर दोन महिने रिकामं दिसलं की सरकारचं घरखातं ते दुसऱ्याला देतं. आईनं आपल्या हातानं त्या योजनेच्या कागदावर अंगठा केलाय. घर आपणच दुरुस्त करायचं, मग ते आपलंच होणार. हे घर हातचं गेलं, तर ती योजनाही गेली. त्याला सांग, मी हलणार नाही!”

“म्हणजे अंथरूण थंड व्हायच्या आत हिला घराची हाव सुटली!” व्हर्नन कडाडला. “तिला सांग, आईच्या आत्म्याला तुडवून मिळवलेलं घर तिलाच लखलाभ होवो. आजपासून मला बहीण नाही!”

गाडीचा दरवाजा आदळला. लाल धुळीचा लोट उठला आणि व्हर्नन दीडशे किलोमीटरवरच्या गुरांच्या कुरणावर, आपल्या कामावर निघून गेला. नोएलीन तशीच उभी राहिली… घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, पण इथं तर वासे जागेवर होते आणि माणसंच फिरली होती!

आईला आयुष्यात सात वेळा उठवलं गेलं होतं. कधी कुरणाच्या मालकानं, कधी मिशनच्या साहेबानं, कधी सरकारनं. शेवटी हे दोन खोल्यांचं गळकं सरकारी घर मिळालं. शेवटच्या दुखण्यात ती एकच म्हणायची, “ज्या दाराची किल्ली कुणाला परत करावी लागत नाही, असं एक दार माझ्या नातवंडांना मिळू दे गं पोरी.” ही नातवंडं व्हर्ननची. नोएलीनला मूल नव्हतं. तिची हाव म्हणायची ती एवढीच.

त्या संध्याकाळी नोएलीननं दोन निश्चय केले. घर सोडायचं नाही. आणि धूर दिल्याशिवाय आत पाऊलही टाकायचं नाही!

परसात पाण्याच्या टाकीमागं तिनं ताडपत्री बांधली, खाली वळकटी टाकली आणि तीन दगडांची चूल मांडली. रस्त्यावरून पाहणाऱ्याला ती रोज घराभोवती दिसायची, व्हरांड्यात झाडताना, दोरीवर कपडे वाळत घालताना. घरखात्याचा माणूस यायचा, लांबूनच हात हलवायचा आणि वहीत खूण करून जायचा. आणि गावाला वाटायचं, बाई आतच राहते. गावाला खरं सांगायची सोय नव्हती. एकाला सांगितलं की दुकानात पोचणार आणि दुकानातून घरखात्यात. एकट्या डल्सीमावशीला ठाऊक होतं, आणि तिच्याकडून नोएलीननं शपथ घेतली होती.

मग काय, लोकांना आयतंच मिळालं. दुकानात चुलतभावाची बायको सगळ्यांदेखत म्हणाली, “काय गं, आईबरोबर चहा पितेस की काय रात्री? भीती नाही वाटत?” नोएलीननं पिठाची पिशवी उचलली आणि बाहेर पडली. तोंडाला तोंड देणं तिला येत नव्हतं असं नाही. त्या बाईच्या सात पिढ्या तिला पाठ होत्या! पण एक शब्द तोंडातून निसटला असता तर आईचं दार गेलं असतं.

पावसाळ्यात, इकडे तो डिसेंबर ते मार्च, ताडपत्री दोनदा उडाली. एकदा तर वळकटी डोक्यावर धरून ती पहाटेपर्यंत टाकीला टेकून उभी होती. चार हातांवर गळकं का होईना, पण छप्पर होतं, नुसती कडी काढायची खोटी… तिनं कडीला हात लावला नाही. पाऊस ओसरला तशी तिनं हातोडी धरली. योजनेतल्या ब्रेंडानं हत्यारं दिली होती आणि शिकवलंही होतं. नोएलीननं छताचे गंजलेले पत्रे बदलले, कुजलेल्या पायऱ्या उपटून नव्या ठोकल्या, बाहेरच्या भिंती खरवडून रंगवल्या. दोन बोटांची नखं काळी पडून गळाली. बाहेरून घर नवरीसारखं दिसायला लागलं, आणि आत मात्र आई गेली त्या दिवसाची हवा कोंडलेली होती.

सप्टेंबरात ब्रेंडा तपासणीला आली. ती शेजारच्या गावची, आपल्यातलीच. “आतलं काम का सुरू नाही?” तिनं विचारलं. नोएलीन बाहेरच्या पायऱ्या झाडू लागली. ब्रेंडानं बंद दाराकडे पाहिलं, मग टाकीमागून निघणारी धुराची बारीक रेघ पाहिली आणि कागद मिटले. “मी काही बघितलं नाही. पण ताई, महिनाअखेरपर्यंत आतल्या भिंती झाल्या नाहीत, तर तुमची जागा दुसऱ्या कुटुंबाला जाईल. ते माझ्याही हातात नाही.”

आता व्हर्ननशिवाय मार्ग नव्हता. नोएलीननं मावशीसमोर बसकण मारली.

“मावशी, त्याला निरोप दे. येऊन धूर दे म्हणावं. त्यानंतर घर त्याच्या नावावर होऊ दे, मी त्याच दिवशी निघून जाईन, परत तोंड दाखवणार नाही. पण आईचं दार जाऊ देऊ नकोस म्हणावं!”

“वेडी आहेस का? जागलीस तू, राबलीस तू, आणि घर त्याला?”

“घर त्याला नाही, मावशी. घर घरात राहू दे.”

तीन दिवसांनी सकाळी व्हर्ननची गाडी आली. मागच्या बाजूला ओल्या पाल्याचे भारे होते. तो खाली उतरला, कुणाकडे न बघता डब्यात निखारे घेतले, पाला टाकला आणि पांढऱ्या धुरासकट घरात शिरला. नोएलीन रीतीप्रमाणे टाकीमागं सरकली. मावशी खिडकीखाली खुर्ची ओढून बसली.

आत खोकला ऐकू आला. पावलं वाजली… आणि मध्येच थांबली.

जमिनीवर बोटभर धूळ होती, आणि तिच्यावर पालींच्या पावलांशिवाय एक ठसा नव्हता. दाराच्या चौकटीत कोळ्यांची जाळी होती. मोरीवर आईचा पत्र्याचा मग तसाच होता, तळाशी चहाची पत्ती वाळून चिकटलेली. भिंतीवरचं कॅलेंडर नोव्हेंबरात थांबलेलं होतं.

खिडकीत व्हर्ननचा चेहरा आला. धुरानं का कशानं, डोळे लाल झाले होते.

“मावशी… इथं कुणीच राहिलं नाही. ही दहा महिने झोपली कुठं?”

मावशी शपथेला जागली. तिनं नुसते ओठ पुढं काढून टाकीकडे खूण केली. तिथं फाटकी ताडपत्री होती, तीन काळे दगड होते, चहाची किटली होती.

आतून एक हुंदका फुटला. एवढा उंचापुरा माणूस, खवळलेल्या बैलासमोर न हटणारा, आईच्या मोकळ्या खोलीत लहान मुलासारखा रडत होता! “अरेरे… मी काय बोललो! कोणाला बोललो!” टाकीमागं नोएलीननं पदराबिदराची सोय नसल्यानं शर्टाच्या बाहीतच तोंड खुपसलं. दहा महिने अडवून धरलेलं सगळं तेव्हा वाहून गेलं.

धूर प्रत्येक कोपऱ्यात फिरला. मग व्हर्नन बाहेर येऊन पायरीवर बसला, पाठ परसाकडे करून. ब्रेंडानं ठेवलेला योजनेचा कागद दगडाखाली फडफडत होता. त्यानं सुताराची जाड पेन्सिल उचलली आणि मालकाच्या रकान्यात, जे नाव तीस वर्षं त्याच्या ओठांवर आलं नव्हतं, ते एकेक अक्षर गिरवत लिहिलं. मग कागद खांद्यावरून मागं धरला.

नोएलीननं तो घेतला. वाचला.

“मावशी, त्याला सांग,” ती कशीबशी म्हणाली, “खाली अजून जागा आहे. पोरांची नावं घाल म्हणावं.”

उत्तर आलं नाही. खुर्ची रिकामी होती. म्हातारी केव्हाच उठून शेजारी चहाला गेली होती.

दोघंही थबकले. मग व्हर्नन रिकाम्या खुर्चीकडे बघून खाकरला.

“मावशी, तिला सांग… गाडीत भिंतींच्या फळ्या आणल्यात. एकट्यानं उचलत नाहीत.”

त्यानं मोठी फळी उभी करून एक टोक धरलं. नोएलीननं दुसरं धरलं. मध्ये फळी होती, त्यामुळे ना तोंड दिसत होतं, ना रीत मोडत होती. “जपून,” तो खुर्चीला म्हणाला, “तिथं उंबरा आहे म्हणावं.” आणि दहा महिन्यांनी नोएलीननं आईच्या घरात पाऊल टाकलं.