उलट्या अंगाला झिजलेला ब्रश

मंगळवार पेठेतल्या शरणप्पाच्या रंगाच्या दुकानात ईरप्पा बिराजदार अर्धी सकाळ उभा होता, आणि घेण्यापेक्षा नाकारतच जास्त होता. लाकडी मुठीची पटाशी नको. खारीच्या केसांचा गोल ब्रश नको. सरस नको, डबीतला तयार गोंद द्या. काळ्यात मिसळायला थोडा निळा? तो तर मुळीच नको.

"मालक, काय पायजे ते सांगा की," शरणप्पा शेवटी वैतागला. "सकाळधरनं नको नको किती ऐकू?"

पण काय पाहिजे ते ईरप्पाला नीट ठाऊक नव्हतं. काय नको ते मात्र पक्कं ठाऊक होतं. शिवयोगी जे जे वापरायचा ते नको.

शिवयोगी म्हणजे बाळीवेशीतला त्याचा शेजारी, शाळेपासूनचा सोबती आणि एकाच गिरणीतला फिटर. दोघांना एकच वेड होतं. खऱ्या वस्तूची मापं घ्यायची आणि फुटाला अर्धा इंच धरून तिचं हुबेहूब छोटं मॉडेल करायचं. बैलगाडी, टांगा, पाण्याचा रहाट, काय वाटेल ते. ईरप्पा गिरणीत नकाशे काढायचा, त्यामुळे त्याची मापं बिनचूक. पण चाकाला भोक पाडायला गेला की ते केसभर बाजूला सरकायचंच. जन्मात एकदाही ते सरळ पडलं नाही. त्याच्या गाड्या लंगडत चालायच्या आणि शिवयोगीच्या गाड्या नुसत्या फुंकरीनं पळायच्या. त्यातून शिवयोगी डावरा. लिहिणं, रंगवणं, जेवणं सगळं डाव्या हातानं. आईनं लहानपणी चटके दिले तरी गेलं नाही. आपण उजव्या हातानं जेवतो म्हणून पाण्याचा तांब्या डावीकडं ठेवतात. ह्याला तो उजवीकडं लागायचा, आणि पंगतीत शेजारचा माणूस वैतागायचा.

ईरप्पाच्या लग्नात शिवयोगीनं आहेर म्हणून सिद्धेश्वराचं देऊळ करून दिलं, तळ्यासकट. हेमावती नवी नवरी. तिनं ते ओंजळीत धरलं, डोळ्यांजवळ नेलं आणि चार माणसांत म्हणाली, "काय हात हाय हो ह्यांचा." एवढंच. पण ते वाक्य ईरप्पाच्या काळजात रुतलं ते रुतलंच. त्यानं मॉडेल करणं सोडलं, हत्यारं भंगारात घातली. शिवयोगीला घरी एकदाही जेवायला बोलावलं नाही. काय बोलायचं ते दाराबाहेर कट्ट्यावर. देऊळ मात्र काचेच्या कपाटात जाऊन बसलं. हेमावती दर सोमवारी ते पदरानं पुसायची. नवऱ्याच्या हातचं पुसण्यासारखं काही घरात नव्हतंच, आणि ह्याबद्दल त्याला स्वतःचा राग कधी आला नाही, शिवयोगीचाच आला.

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात छातीच्या दुखण्यानं शिवयोगी गेला. ईरप्पा रडला, खरंच रडला. आणि माती देऊन परत येताना बाळीवेशीच्या कोपऱ्यावरच त्याच्या मनात येऊन गेलं, की आता मैदान मोकळं झालं. मेलेल्या माणसावर जळणं शोभत नाही हे काय त्याला कळत नव्हतं? कळत होतं. पण जळायचं थांबत नव्हतं, त्याला तो काय करणार.

पुढच्या वर्षी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत हौशी कारागिरांचं प्रदर्शन भरणार असं ठरलं, आणि ईरप्पानं कुर्डुवाडीच्या छोट्या गाडीचं इंजिन करायला घेतलं. बक्षीस मिळो न मिळो. कपाटातलं देऊळ खाली उतरावं आणि त्या जागी हेमावतीनं आपल्या हातानं त्याचं इंजिन ठेवावं, एवढीच त्याची इच्छा होती.

शिवयोगीच्या आईला, अक्कम्माला, हे कळलं तेव्हा तिनं त्याला बोलावून घेतलं होतं. कोनाड्यातल्या लाकडी पेटीवर हात ठेवून ती म्हणाली, "हत्यारं नुसती पडून हायेत बघ, ईरप्पा. तू ने. तुझ्या हाताला बसतील."

"नको अव्वा. मी नवीन घेणार हाय."

म्हातारीनं पेटीची किल्ली कनवटीला खोचली.

तर अशी ती दुकानातली नकारघंटा. शेवटी प्लॅस्टिकच्या मुठीची पटाशी, बारीक करवत, कानशी, चपटे राठ केसांचे ब्रश आणि तयार काळ्या रंगाचा डबा घेऊन ईरप्पा घरी आला. सगळं कोरं होतं. कुणाचाही हात न लागलेलं.

काम माडीवर चालायचं. पहिली पाळी संपवून तो घरी यायचा तेव्हा ऊन खिडकीतून थेट पाटावर पडलेलं असायचं. सागाचा भुसा, टर्पेंटाइनचा वास, लांबून गिरणीचा भोंगा. हेमावती वर फिरकायची नाही. त्या वासानं तिचं डोकं चढायचं. ईरप्पानं पहिलं चाक कापलं, भोक पाडलं, सायकलचा स्पोक ओवला आणि बोटानं टिचकी मारली. चाक फिरलं. सरळ फिरलं. त्यानं दुसरं केलं, तेही सरळ. वय झालं की हात स्थिर होतो, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जास्त जेवला.

ब्रशाचं त्याच्या ध्यानात आलं ते धुताना. ब्रश ज्या हातात वापरावा त्याप्रमाणे एका अंगाला झिजतो. शिवयोगीचे ब्रश उलट्या अंगाला झिजलेले असायचे; तरुणपणी ईरप्पा त्यावरून त्याला चिडवायचा सुद्धा. आता टर्पेंटाइनमध्ये भिजलेला आपला नवा ब्रश त्यानं उजेडात धरला, आणि तो उलट्या अंगाला झिजलेला होता.

माल खराब असेल. त्यानं दुसरा ब्रश काढला. मुद्दाम उजव्या हातात घट्ट धरून, हाताकडं बघत बघत रंग दिला. दुपारभर दिला. धुतला. तोही तसाच.

मग कानशीच्या मुठीवरचा घामाचा डाग पाहिला. पाटाच्या कुठल्या बाजूला भुसा साठतो ते पाहिलं. मग ईरप्पानं पाहायचं बंद केलं.

कारण इंजिन काय उतरत होतं म्हणून सांगू. धुराड्याची गोलाई, बाजूचे पितळी दांडे, ड्रायव्हरच्या चौकटीतली एवढीशी खिट्टी. नुसतं बघत राहावं. आणि ज्याला आयुष्यभर असं काही जमलं नाही, त्याला ते जमायला लागल्यावर हात कुणाचा म्हणून चौकशी करवत नाही. फक्त रंग तेवढा वाळला की निळसर दिसायचा. डब्यात काळाभोर, इंजिनावर निळसर काळा, कावळ्याच्या मानेसारखा. शिवयोगी बोटभर निळा घालून मिसळायचा तो हाच. ईरप्पानं काचपेपरनं घासून काढला आणि पुन्हा काळा दिला. सकाळी इंजिन निळसर होतं, आणि खरं तर तेच शोभत होतं.

अशात एका दुपारी हेमावती न बोलवता माडीवर आली.

तिनं नाकाला पदर लावला नाही. पाटाशेजारी उकिडवी बसली आणि इंजिनाकडं कितीतरी वेळ बघत राहिली. एवढ्या वर्षांत तिनं त्याच्या कुठल्याही कामाकडं असं बसून बघितलं नव्हतं.

"काय हात हाय हो," ती हळूच म्हणाली.

ते ऐकायला तो जन्मभर थांबला होता. आता ऐकलं, पण ती त्याच्याकडं बघून बोललीच नव्हती. तिनं इंजिन उचललं, खाली नेलं आणि कपाट उघडलं. देऊळ उतरवलं नाही. जरा सरकवलं, इंजिन त्याच्या शेजारी ठेवलं आणि दोन्ही एकाच पदरानं पुसली.

"एकाच हातची वाटतात," ती म्हणाली. समाधानानं म्हणाली.

ईरप्पा तसाच चपला घालून बाहेर पडला. डोकं तापलं होतं. त्याला एवढंच बघायचं होतं, की शिवयोगीची हत्यारं आहेत ना तिथंच. कुणी नेली असतील, कुणी खोडी काढत असेल, काहीतरी असेलच की.

"पेटी? मी कशाला उघडू," अक्कम्मा म्हणाली. "पोरगं गेल्यापास्नं उघडली न्हाय ती." तिनं कनवटीची किल्ली काढली. कुलपाला गंज चढला होता, तेल सोडावं लागलं.

झाकण वर झालं आणि ताज्या सागाचा वास आला.

हत्यारं ओळीनं होती. लाकडी मुठीची पटाशी, कानशी, खारीच्या केसांचे ब्रश. ईरप्पानं एक ब्रश उचलून उजेडात धरला. तो सरळ अंगाला झिजलेला होता. उजव्या हाताच्या माणसाचा असावा तसा. दुसराही तसाच होता.

तळाशी थोडा भुसा होता, पिवळाधमक. त्यात एक नवं कापलेलं चाक पडलं होतं.

ईरप्पानं ते काडीत ओवलं आणि टिचकी मारली. चाक लंगडलं. भोक केसभर बाजूला होतं.

"माझ्या पोराच्या हातचं न्हाय हे," अक्कम्मा म्हणाली. तिनं चाक घेतलं, पेटीत टाकलं आणि कुलूप लावलं.

घरी येईपर्यंत त्याचा उजवा हात गार पडला होता. त्यानं तो चोळला. मग सदऱ्याच्या खिशात घालून ठेवला.

दिवेलागण झाली होती. हेमावतीनं ताट वाढलं होतं. भाकरी गरम होती, वांग्याची भाजी होती, आणि ईरप्पा भुकेला होता. तो खाली मान घालून जेवत राहिला.

अर्धी भाकरी संपल्यावर त्याला कळलं, की खिशातला हात अजून खिशातच आहे.

घास धरलेला डावा हात तोंडाशी थांबला. त्यानं वर पाहिलं. हेमावती समोर बसली होती, हनुवटीखाली हात घेऊन. ती दचकली नव्हती. नवी नवरी असताना देवळाकडं बघत होती तशी बघत होती.

त्याला ठसका लागला. पाण्यासाठी त्यानं नजर नेहमीसारखी डावीकडं वळवली. तिथं तांब्या नव्हता.

"हितं हाय की," ती म्हणाली.

तांब्या उजवीकडं होता. मीठ-चटणीही उजवीकडं वाढलेली होती. तो घरी येण्याआधीच तिनं ताट तसं मांडून ठेवलं होतं, आणि ते मांडायची तिच्या हाताला सवय दिसत होती.