पाळकाची पाठ

भर रस्त्यात एक उंच, किडकिडीत माणूस बाकासकट अडकला होता.

लाकडी, वजनदार बाक एकट्यानं ओढत न्यायचा शहाणपणा करत होता, आणि मध्येच कंबरेत उसण भरून तसाच थिजला होता. ना धड उभा, ना धड वाकलेला. मागून रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न देत होता.

"हलू नका!" मी ओरडत धावले.

"हलता येतंय कुठे..." तो म्हणाला. आणि हसला. दुखण्यानं ओठ पांढरे पडले होते, तरी हसला!

मी सरळ त्याच्या कमरेला हात घातला. "गुडघे वाकवा. श्वास सोडा... आता बाक खाली."

"अनोळखी माणसांना तुम्ही असंच धरता?"

"ती अशी वाकडी झाली तर धरते. धंदाच आहे माझा." मी समोरच्या पाटीकडे बोट दाखवलं. माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक तिथंच होतं.

त्याला टेबलावर पालथं झोपवलं. पाठ होती की दगडी भिंत! अंगावर मांस नाही, डोळ्यांखाली काळं. "काय काम करता? हमाली?"

"जवळजवळ. पाळक आहे... इथल्या चर्चमध्ये नवीन आलोय. एका आजारी आजींना अंगणात बसायला बाक हवा होता."

माझी बोटं जागच्या जागी थांबली.

"दुखतंय का म्हणून विचारणार नाही का आता?" त्यानं मान वळवून विचारलं.

"त्या चर्चचे आधीचे पाळक माझे वडील होते," मी म्हणाले.

तो हळूच म्हणाला, "लोक अजून त्यांचं नाव काढतात. म्हणतात, असा पाळक पुन्हा होणे नाही."

"होऊच नये."

बोलून गेले खरी. मग थांबता येईना. बाबांच्या छातीत आदल्या दिवसापासून दुखत होतं. उपदेश झाला की डॉक्टरकडे जाऊ, म्हणाले. उपदेश संपला, आणि चर्चच्या मागच्या खोलीत, अंगावरचा झगाही न काढता, ते गेले. लोक म्हणाले, किती सुंदर मरण! सेवेत देह झिजवला! दगडात कोरून चर्चच्या भिंतीवर लावलं तसं. आई त्या दगडासमोर दर रविवारी जाऊन बसायची. मी मात्र परत तिथं पाऊल ठेवलं नव्हतं. देवाशी माझं भांडण नव्हतं, त्याच्याशी मी घरी रोज बोलत होते. भांडण होतं ते टाळ्या वाजवणाऱ्यांशी.

"तुम्हाला दुसरा फिजिओ हवा असेल तर—" मी म्हणाले.

"मला हीच हवी," तो म्हणाला. आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... ट्रीटमेंट. हीच ट्रीटमेंट."

मी हसू दाबायला पाठीवर जरा जास्तच जोर दिला. तो कळवळला.

व्यायाम करायला वेळ नाही म्हणे! मी सांगितलं, मी सकाळी कालव्याच्या कडेनं चालते, यायचं तर या. दुसऱ्या दिवशी धुक्यातून बगळा यावा तसा लांब ढांगा टाकत हजर. तेव्हापासून मी त्याला बगळाच म्हणू लागले... मनातल्या मनात. आणि एक दिवस तोंडावर.

"बगळा? पाळकाला?"

"मग खात जा नीट. बदक म्हणेन."

तो इतका मोठ्यानं हसला की कालव्यातली खऱ्या बगळ्यांची जोडी उडाली. आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत राहिलो, उगाचच.

त्याची ढांग मोठी, पण माझ्याबरोबर चालताना तो पाऊल आखडतं घ्यायचा. गवत ओलं असलं की हात पुढे करायचा, आणि मी धरायच्या आतच संकोचून मागे घ्यायचा. शेवटी मीच तो पकडला. त्यानं बोटांत बोटं गुंफली.

महिनाभरात त्याची पाठ सुटली, गाल भरले. आणि गावात जिभा सुटल्या. पाळकाला फिरायला वेळ आहे! तोही तिच्याबरोबर, चर्चकडे पाठ फिरवलेलीबरोबर! चर्चच्या खजिनदारकाकांनी त्याला कमिटीपुढे बोलावून बाबांचं उदाहरण दिलं. "ते कधी सुट्टी घेत नव्हते," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कालव्यावर मी एकटीच होते. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

मग आईकडून कळू लागलं. तो पहाटेपासून रात्रीपर्यंत घरोघर जातोय. त्यात उपास धरलाय. खोकतोय. रविवारी सकाळी आई साडीची पिन लावता लावता थांबली. "ताप आहे म्हणे त्याला अंगात... तरी उभा राहणार आहे." तिनं पिन तशीच हातात धरली. "सगळे कौतुक करतायत, बाळा. अगदी तसंच."

मी चपला घातल्या.

इतक्या वर्षांनी तो दरवाजा ढकलला तेव्हा गाणं चालू होतं. ते अर्ध्यात विरलं. मधल्या वाटेनं मी सरळ पुढं गेले. तो वर व्यासपीठावर उभा होता, लाकडी कठडा घट्ट धरून. कपाळावर घाम.

"खाली उतरा," मी म्हणाले.

खजिनदारकाका ताडकन उठले. "ही काय पद्धत झाली? देवाच्या घरात?"

"देवाच्याच घरात, काका! याच घरात तुम्ही सगळ्यांनी माझ्या बाबांना उभं ठेवलंत आणि वाहवा केलीत. मी पुन्हा बघत बसणार नाही."

वरून त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग समोरचे कागद मिटले.

"मला ताप आहे," तो लोकांना म्हणाला. "आज मी उपदेश करणार नाही. खरं सांगू? तुम्हाला झिजलेला पाळक आवडतो, म्हणून मी झिजत होतो. त्यात भक्ती थोडी होती आणि कौतुकाची हाव फार. हे शरीर देवानं दिलंय. ते मी असं मोडून टाकलं, तर त्याला सेवा म्हणू नका. आजाऱ्यांना भेटायला मी येणारच. पण जेवून येईन, झोपून येईन. आणि सकाळचं फिरणं..." त्याला खोकला आला. "ते बंद होणार नाही. जिच्याबरोबर फिरतो, तिची हरकत नसेल तर जन्मभर."

बाकांवरून कुजबुजीची लाट गेली. माझे कान तापले.

"तापात काहीही बोलतात माणसं," मी कशीबशी म्हणाले.

"उद्या उतरला की परत विचारतो."

तो पायऱ्या उतरला तेव्हा त्याला धरायला माझ्या आधी आई पोचली होती.

आमच्याच घरी आणलं त्याला. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. ताप दुसऱ्या दिवशी दुपारी उतरला. मी उशी नीट करत होते, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"उतरलाय," तो म्हणाला. "आता विचारू?"

"सोमवारची सुट्टी घ्यावी लागेल. दर आठवड्याला."

"घेईन."

"दुखलं तर लपवायचं नाही."

"नाही लपवणार... आता विचारू?"

"विचारायचं काय त्यात, हो म्हणतेय ना मी!"

त्यानं माझा हात गालाशी धरला, डोळे मिटले, आणि बघता बघता घोरायला लागला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात गोड क्षण, आणि हा बगळा घोरतोय!

तेवढ्यात दार वाजलं. खजिनदारकाका कमिटी घेऊन आले होते. पाळकांशी आत्ताच्या आत्ता बोलायचं होतं.

आईनं दार अर्धंच उघडलं. एरवी या काकांपुढे तिच्या तोंडातून शब्द फुटत नसे.

"पाळक झोपलेत," ती म्हणाली. "माझ्या घरात झोपलेत, आणि हात माझ्या मुलीच्या हातात आहे. जाऊन सगळ्यांना सांगा. आणि हळू बोला."

तिनं दार लावून घेतलं, कडी घातली, आणि आमच्यासाठी चहा टाकायला आत गेली.