मल्लव्वा नावाची बोट

संगमेश त्या दिवशी नुसता निळ्या रंगाचा डबा आणायला गेला होता. हसू नका रे पोरांनो. साध्या कामातूनच माणूस गोत्यात येतो.

हा संगमेश म्हणजे आपल्या उचगावच्या प्रभुलिंगाचा धाकटा भाऊ. उद्यमनगरात माझ्या हाताखाली लाकडी पॅटर्न करायला शिकला. फाउंड्रीत ओतकामाला ज्याच्यावरून साचा पाडतात, तो पॅटर्न. पोराच्या हातात जादू होती. पुढं शिकायला इंग्लंडला गेला, तिथं खोली परवडेना. एका लहानशा बंदरात शिडाची एक पडीक बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती, ती राहायला मिळाली. अट एकच, दुरुस्त करायची. गड्याला तेच हवं होतं. दोन हिवाळे त्यानं कुजक्या फळ्या काढल्या, नव्या बसवल्या, फटी बुजवल्या. रात्री त्याच बोटीत स्टोव्हवर पिठलं रटरटवून खायचा आणि तिथंच आडवा व्हायचा.

बोटीचा आधीचा मालक बुडून मेला होता. बोट किनाऱ्यापासून लांब नांगरलेली असायची. एका संध्याकाळी तो लहान होडी वल्हवत तिच्याकडं निघाला आणि मध्येच धुकं उतरलं. बोट काही सापडेना. मग तो तिचं नाव घेऊन हाका मारायला लागला, जशी काय ती ओ देणार होती. किनाऱ्यावरच्या लोकांनी त्या हाका रात्रभर ऐकल्या. पहाटे थांबल्या. बंदराच्या म्हाताऱ्या राखणदारानं हे सगळं संगमेशला सांगितलं आणि वर बजावलं, हिचं नाव बदलू नकोस, आणि बदललंसच तर जित्या माणसाचं तरी देऊ नकोस.

पण आपल्याकडं तर टेंपोसुद्धा 'आईची कृपा' लिहिल्याशिवाय रस्त्यावर येत नाही. संगमेशनं जुनं नाव खरवडून काढलं आणि तिथं त्या निळ्या रंगानं आपल्या अक्षरांत ठळक लिहिलं, मल्लव्वा. आईचं नाव. पोरानं मायेनं केलं, त्यात त्याचं काय चुकलं सांगा बघू?

त्याच रात्री इकडं उचगावात मल्लव्वा दचकून उठून बसली. बाहेरून कुणीतरी हाक मारत होतं.

रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, तिसरी आल्याशिवाय तोंड उघडू नये, हे तिनंच पोरांना शिकवलेलं. पण तिची आई गेली होती, भाऊ गेला होता, माहेर संपलं होतं. घरात ती आव्वा, गल्लीत काकू. मल्लव्वा म्हणणारं आता कुणी उरलंच नव्हतं. इतक्या वर्षांनी कानावर स्वतःचं नाव आलं आणि म्हातारी हरखून गेली. तोंडातून गेलं, "ओ!"

काही दिवसांनी प्रभुलिंगाचा फोन गेला.

"आव्वाच्या छातीत पाणी झालंय. डॉक्टर काढत्यात, परत भरतंय. रात्रीचं उठून दाराकडं जाती. मला कोण बोलवतंय म्हणती. तू ये की रं!"

"कवापासनं?"

प्रभुलिंगानं तारीख सांगितली. संगमेशच्या हातातून फोन सुटला.

तो तसाच पळत बोटीवर गेला. खरवडणी घेतली आणि आईचं नाव घासायला लागला. रंग गेला, तरी थांबेना. खालचं कोरं लाकूड उघडं पडलं, बोटं सोलली, तरी घासतच राहिला. घासताना मोठ्यानं रडत होता, असं त्यानंच मला सांगितलंय. मग मिळेल त्या विमानानं निघाला.

घरी पोचला तो २००२ सालची भोगी. जानेवारीची तेरा तारीख, आणि त्या साली भोगीलाच अमावस्या आलेली. दवाखान्यानं हात टेकले होते, म्हातारीला घरी आणून ठेवलं होतं. श्वास घेतला की छातीत पाणी खळखळायचं. ऐकवत नव्हतं.

"आव्वा, म्या नाव पुसलंय. आता कोण न्हाय यायचं."

ती त्याच्याकडं बघेचना. दाराकडं बघत होती.

रात्र चढली. जागून जागून प्रभुलिंग भिंतीला टेकून पेंगला. संगमेश आईच्या उशाशी बसून राहिला. गल्लीतली कुत्री भुंकत होती.

मग गप्प झाली.

"मल्लव्वा..."

लांबून. पाण्यावरून यावी तशी. उचगावात कुठलं आलंय रे एवढं पाणी?

आईचे ओठ हलले. संगमेशनं तिच्या तोंडावर हात दाबला. हात ओला झाला. त्यानं जिभेला लावून बघितला.

खारट.

"मल्लव्वा..."

आता गल्लीत. अगदी जवळ. त्या आवाजात राग नव्हता. तेच वाईट होतं. रात्रभर धुक्यात हाका मारून थकलेल्या माणसाचा आवाज तो...

"माजी चूक हाय," संगमेश दाराकडं बघून हात जोडायला लागला. "तिची न्हाय. तिला सोडा. पाया पडतो..."



नाव पुसून उपयोग नव्हता. तिनं एकदा ओ दिली होती. आता पुढची हाक आली की ती परत ओ देणार, आणि मग उठून त्याच्या मागं जाणार. आईनं त्याचा हात बाजूला सारला. अंगात जीव नाही, पण हात सारला. तोंड उघडलं...

"मल्ल..."

"ओ!" संगमेश आईच्या आधी ओरडला. "ओ! मी हाय! मी, संगमेश!"

...

दाराबाहेर पाण्यात वल्हं पडल्याचा आवाज आला. एकदा. मग लांब. मग आणखी लांब.

उजाडलं तेव्हा म्हातारी उठून बसली होती. "पोरा, भोगीची भाकरी ऱ्हायली का रं?" म्हणाली. डॉक्टरनं कानातली नळी छातीला लावून ऐकलं, परत परत ऐकलं. छाती कोरडी ठणठणीत. पुढं कितीतरी वर्षं जगली.

संगमेश परत गेला नाही. इथंच असतो, तुम्ही बघताच की. रंकाळ्याच्या तळ्यावर भेळ खायलासुद्धा येत नाही. आणि दिवेलागणीनंतर गल्लीत कुणी त्याला नावानं हाक मारत नाही. मिस्त्री म्हणतो आम्ही. जाताना तुम्हीही मारू नका.

महिन्याभरानं त्या राखणदारानं एक फोटो पाठवला. तू गेल्यापासून बोटीला कुणी हात लावलेला नाही, मग हे कुणी लिहिलं, आणि काय लिहिलंय, एवढंच विचारलं होतं. त्या बंदरात आपली अक्षरं येणारा संगमेशशिवाय दुसरा माणूस नव्हता.

फोटो मी हातात घेऊन बघितलाय. खरवडलेली फळी. तिच्यावर निळा रंग, अजून ओघळत असलेला.

संगमेश.